आरएसाठी मिनोसायक्लिन घेतली १४ महिने, माझा अनुभव

गोळीला ५ पैकी ३ स्टार, जिथून ती मिळाली त्या क्लिनिकला १.

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आरए, सांधे सुजवून झिजवणारा आजार) निघाला तेव्हा मी ३८ ची होते, राहायला न्यू जर्सीत. सकाळी बोटं इतकी आखडायची की लेकीच्या डब्याचं झाकण लागायचं नाही, गरम पाण्याच्या नळाखाली अर्धा तास हात धरले की मग कुठे जरा सुटायची. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मेथोट्रेक्सेट लिहून दिलं. ते कॅन्सरवर पण देतात हे वाचलं आणि माझी पाचावर धारण बसली, मग ओळखीतून कळलेल्या एका अँटिबायोटिकवाल्या क्लिनिकला गेले.

तिथलं म्हणणं असं की हा आजार मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे होतो आणि टेट्रासायक्लिन गटातल्या अँटिबायोटिक गोळ्या (मिनोसायक्लिन त्यातलीच) वर्षानुवर्षं घेतल्या की मुळासकट जातो. ही मूळ कल्पना डॉ. थॉमस मॅक्फर्सन ब्राउन यांची, ते स्वतः सांध्यांचे डॉक्टर होते. जंतूचं पुढे काही सिद्ध झालं नाही, पण औषध अगदीच फुसकं नाही. १९९५ च्या अमेरिकन ट्रायलमध्ये २१९ पेशंट होते, ४८ आठवडे रोज दोनदा १०० मिलिग्रॅम, सूज उतरली गोळीवाल्यांपैकी ५४ टक्क्यांची आणि नुसती खोटी गोळी खाणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांची. नेब्रास्काच्या १९९७ च्या ट्रायलमध्ये आजाराला वर्षही न झालेले पेशंट घेतले होते, तिथे ६ महिन्यांत २३ पैकी १५ जणांना निम्म्याहून जास्त आराम पडला, खोट्या गोळीवर २३ पैकी फक्त ३. म्हणतात की ही गोळी सूज कमी करते आणि कूर्चा (सांध्यातलं हाडांवरचं मऊ आवरण) खाणारी एन्झाइम्स दाबते, जंतू मारण्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

मला फरक जाणवला तिसऱ्या महिन्यात. मंगळसूत्राचा हुक माझा मी लावला, त्या दिवशी खरंच रडू आलं. त्याआधी पहिले पंधरा दिवस चक्कर, जिना उतरताना कठडा सोडवत नव्हता. एकदा दोन घोट पाण्याबरोबर गोळी घेतली आणि लगेच आडवी झाले तर छातीत असं जळलं की चार दिवस घास गिळवेना, त्यामुळे ग्लासभर पाणी आणि नंतर थोडा वेळ बसूनच राहायचं. लोहाची, कॅल्शियमची गोळी पण लांब ठेवा, नाहीतर ही अंगी लागत नाही.

वर्ष होत आलं तेव्हा नडगीवर निळसर राखाडी डाग आला. व्हिडिओ कॉलवर आईने बघितलं, म्हणाली, "कुठे आपटलीस गं?" कुठेच आपटले नव्हते. या गोळीने त्वचेवर असे डाग पडतात हे क्लिनिकने सांगितलंच नव्हतं. लिव्हरची तपासणी नाही, एक्सरे नाही, आणि सांधे जास्त दुखले की "जंतू मरतायत, चांगलं लक्षण आहे" हे ठरलेलं उत्तर. मी विश्वास ठेवला हो.

शेवटी पहिल्या डॉक्टरांकडे परत गेले. एक्सरेत उजव्या मनगटाचं हाड झिजलेलं दिसलं. दुखणं कमी होतं म्हणून मला वाटत होतं आजार थांबलाय, आत तो चालूच होता आणि झिजलेलं हाड काही परत भरून येत नाही. मग मेथोट्रेक्सेट सुरू केलं, आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री, सोबत फॉलिक अ‍ॅसिड, दर काही महिन्यांनी रक्त तपासणी. दीड वर्ष झालं, कणीक मी मळते. ज्याला घाबरून पळाले होते तेच औषध मला मानवलं.

गोळीवर माझा राग नाही. सांध्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कुणाला आधाराला दिली तर ठीक, पण अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या सांध्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१५ च्या शिफारशींमध्ये तिला जागा दिली नाही, आता वापरच इतका कमी झालाय. कुणी घेत असाल तर नडगी आणि हिरड्यांवर लक्ष ठेवा, गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, आणि हातापायांचा शेवटचा एक्सरे कधी काढलाय ते आजच बघा.