गंगापूर रोडवरील पोटविकार दवाखाना: प्रश्नाचे नीट उत्तर मिळाले

कोविडमध्ये आईला खोकल्याआधीच जुलाब का सुरू झाले, हा प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस होता. त्याचे समाधानकारक उत्तर नाशिकमधील या दवाखान्यात मिळाले. डॉक्टरांनी कागदावर आतड्याचे चित्र काढून समजावले की, कोरोना विषाणू आपल्या काटेरी प्रथिनाने पेशीवरील एसीई-२ या रिसेप्टरला (पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनाला) चिकटतो आणि हा रिसेप्टर फुप्फुसापेक्षा लहान आतड्याच्या अस्तरपेशींवर कितीतरी अधिक असतो. तेथील टीएमपीआरएसएस-२ हे विकर (एन्झाइम) विषाणूला आत शिरण्यास मदत करते. २०२० मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या सूक्ष्म प्रतिकृतींमध्येही या पेशींना संसर्ग झालेला दिसला होता. हाच रिसेप्टर एरवी ट्रिप्टोफॅनसारख्या अमिनो आम्लांच्या शोषणाला हातभार लावतो, हे मला विशेष महत्त्वाचे वाटले. मात्र मलात विषाणूचे आरएनए (जनुकीय द्रव्य) सापडले म्हणजे त्यातून संसर्ग पसरतोच असे नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. वेळ ठरवूनही दीड तास थांबावे लागले, ही उणीव खरी. तरीही आईच्या प्रत्येक शंकेला त्यांनी घाई न करता उत्तर दिले आणि अनावश्यक तपासणी एकही लिहून दिली नाही.