देवगडच्या वायरलेस नेटवर बीबीआर: पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

फायबर अजून आमच्या वाडीपर्यंत आलेलं नाही. छपरावर वायरलेसची डिश, समोरच्या डोंगरावरच्या टॉवरकडे रोखलेली, आणि मध्ये माड. व्हिडिओ एडिटिंगचं काम असल्यामुळे मोठमोठ्या फाइल्स मुंबईला पाठवाव्या लागतात. मृगाच्या सुमारास माझ्या संगणकावरच्या लिनक्सचं कंजेशन कंट्रोल (नेटवर माल किती वेगाने सोडायचा हे ठरवणारा अल्गोरिदम) क्युबिकवरून बीबीआर या दुसऱ्या अल्गोरिदमवर नेलं, ते दिवाळी आली तरी तसंच आहे.

क्युबिक २००६ पासून लिनक्सचा डिफॉल्ट आहे. पॅकेट, म्हणजे पाठवलेल्या मालाचा छोटा तुकडा, हरवलं की पुढे रस्ता तुंबलाय असं तो धरतो आणि विंडो (पोच येण्याआधी किती माल सोडायचा ती मर्यादा) ३० टक्क्यांनी खाली आणतो. तारेवर हे बहुतेकदा बरोबर ठरतं. आमच्याकडे झड लागली की ओल्या झावळ्या डिशसमोर झुलतात आणि पॅकेट हवेतच गळतं. तुंबलेलं काहीच नसतं. एसएस या कनेक्शनची माहिती दाखवणाऱ्या कमांडने चालू अपलोड बघितलं की विंडोचा आकडा जरा चढायचा आणि परत आपटायचा. गूगलने २०१६ मध्ये आणलेला बीबीआर (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ४.९ पासून आहे) माल किती वेगाने पोचतोय आणि कमीत कमी किती वेळात पोच येते हे मोजून वेग ठरवतो. एखादं पॅकेट गळलं म्हणून तो हात आखडत नाही. भर आषाढात रात्री लावलेली फाइल सकाळपर्यंत पोचलेली असायची. माझ्यासाठी एवढ्यानेच तो वसूल झाला.

डाउनलोड मात्र तसूभरही वाढत नाही. अल्गोरिदम पाठवणाऱ्याच्या बाजूला चालतो, त्यामुळे यूट्यूब जोरात चालेल म्हणून हे करू नका.

खटकणारी गोष्ट एकच, पण मोठी. बीबीआरच्या पहिल्या आवृत्तीला शेजारधर्म कमी. वाटेतला बफर (पॅकेटं रांगेत थांबतात ती जागा) लहान असेल तर क्युबिकवाल्यांना तो दाबतो. वहिनी शाळेचे व्हिडिओ विंडोजवरून चढवतात, तिथे क्युबिकच असतो. माझं अपलोड चालू असलं की त्यांचं रखडतं. हे मला हलकं वाटत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले लॅब आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातला नेटचा वेग रस्ता तुंबल्यामुळे सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला होता, आणि एकमेकांना जागा देण्याची ही सगळी व्यवस्था त्यानंतरच उभी राहिली. म्हणून माझे मोठे अपलोड घरातले सगळे झोपल्यावरच सुरू होतात.

मुंबईचा सर्व्हर फायबरवर आहे, तिथे क्युबिकच ठेवलाय.