जीनोमिक बुलची सॉर्टेड कांडी: चार वर्षं वापरल्यावर लिहितोय

आमचा गोठा संगमनेर तालुक्यात, लहानमोठी धरून १४ एचएफ, म्हणजे होल्स्टीन गाई. २०२१ च्या दिवाळीनंतर पहिल्यांदा इम्पोर्टेड जीनोमिक बुलची (डीएनए तपासून निवडलेल्या वळूची) सॉर्टेड कांडी, म्हणजे बहुतेक कालवडीच व्हाव्यात असं वेगळं केलेलं वीर्य, भरली, त्या कालवडींचं पहिलं वेत आता झालंय म्हणून आत्ता लिहितोय. गाय गाभण राहिली की लगेच पाच स्टार देणारे लोक असतात, पण बुल कसा होता ते त्याची मुलगी दुधावर आल्यावरच कळतं.

आणि जीनोमिकचा फायदा तिथेच आहे. पूर्वी बुलच्या मुली व्यायची वाट बघण्यात पाच-सहा वर्षं जायची, आता वासराच्या कानाचा इवलासा तुकडा किंवा शेपटीचे केस घेतात, डीएनए चिपवर हजारो ठिकाणं वाचतात आणि दूध मोजलेल्या हजारो गाईंशी ताडून त्याच्या मुली किती दूध देतील याचा आकडा काढतात. अमेरिकेत होल्स्टीनसाठी हे २००९ पासून ऑफिशियल आहे.

पण नुसता आकडा वेगळा आणि जीन आत काय काम करतो हे कळणं वेगळं, फंक्शनल जीनोमिक्सवाले त्याच्याच मागे असतात. उदाहरण म्हणजे डीजीएटी१, या जीनमधल्या एका बदलाने फॅट वाढते आणि दूध थोडं कमी होतं, आपल्या देशी गाईंत जवळपास सगळीकडे फॅटवालंच रूप सापडतं. दुसरं उदाहरण मला जास्त लागलं. चीफ नावाचा अमेरिकन बुल, १९६२ चा जन्म, १६ हजार मुली, दूध जबरदस्त म्हणून जगभर त्याचं रक्त पसरलं, पण त्याच्या एपीएएफ१ जीनमध्ये बिघाड होता, तो आईबाप दोघांकडून आला की गर्भ पोटातच जातो. नेमका जीन सापडला २०१६ मध्ये, तोवर जगात पाच लाखांवर गर्भ गेल्याचा अंदाज आहे. गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली, की आपण चाऱ्याला नाहीतर डॉक्टरला बोल लावतो, हे कारण आपल्या डोक्यातही येत नाही. त्यामुळे कॅटलॉगमध्ये एचएच१ (या बिघाडाचं नाव) च्या पुढे सी आहे की टी ते आधी बघा, सी म्हणजे कॅरिअर, बिघाड पुढे देणारा, टी म्हणजे तपासून बिघाड नसलेला, मी तसल्या बुलकडे बघतही नाही.

आता आमचा हिशोब. १० कांड्या, १४०० ला एक, ५ गाई गाभण, ४ कालवडी १ गोऱ्हा. कालवडीच्या बाजूच्या शुक्राणूत डीएनए चारेक टक्के जास्त असतो त्यावर मशीन वेगळं करतं, म्हणून साधारण ९० टक्के कालवडी मिळतात, पण साध्या कांडीत दोन कोटी शुक्राणू तर यात वीसेक लाखच, त्यामुळे माज चुकला की कांडी वाया. आमच्याकडे पहाटे चारला उठून सोट (माजावरच्या गाईचा चिकट स्राव) बघायचं काम आईचं, तिची नजर नसती तर पाचसुद्धा राहिल्या नसत्या.

आयांनी पहिल्या वेताला १८ लिटरपर्यंत दिलं होतं, मुली २३-२४ वर गेल्या. पण मला दुधापेक्षा कास आवडली. पहिली व्यायली त्या दिवशी आईने खाली बसून हात फिरवला आणि म्हणाली, "हिची कास वर बांधल्यागत हाय रे." चारी सड सारख्या लांबीचे, मशीनचा कप एका दमात बसतो, आमच्या जुन्या गाईंना मागचा एक सड कायम वाकडा.

तक्रार दोन गोष्टींची. पहिली, सुरुवातीला शेजाऱ्याचं ऐकून फक्त दुधाचा आकडा मोठा बघून बुल घेतला, त्याच्या दोन मुली एप्रिल-मे मध्ये पंखा-फॉगर लावूनही जीभ बाहेर काढून धापा टाकतात आणि सहा-सहा लिटरने उतरतात. तो आकडा तिकडच्या गाईंवरून, तिकडच्या हवेत आणि खुराकावर निघालेला, आमच्या पत्र्याखालच्या मे महिन्याचा त्यात हिशोबच नाही. दुसरी, कांड्या पुरवणारा. एकदा त्याच्या कंटेनरमध्ये पट्टी घातली तर तळाला दोन बोटंच दव धरलं, नायट्रोजन संपत आलेलं, तरी म्हणतो चालतंय की, त्या कांड्या भरलेल्या तीनही गाई उलटल्या आणि पैसे परत नाहीत. उणे १९६ ची साखळी एकदा तुटली की बुल कितीही भारी असो उपयोग नाही, तुमच्यासमोर पट्टी घालायला लावा. कांडीला चार स्टार, त्या माणसाला एकही नाही.

५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमला आपल्या गाईंसाठीची गौचिप ही डीएनए चिप आणि देशी बनावटीचं सॉर्टेड सिमेन तंत्र लॉन्च झालं, मला खरी आशा त्याची आहे, पण चिपला ताडून बघायला आपल्याच गाईंचं मोजलेलं दूध लागणार. आम्ही चारही कालवडींना बिल्ले मारलेत, दोन्ही वेळचं दूध वहीत लिहितो, मे महिन्याचं लाल पेनाने. त्यात उन्हाळ्यात सगळ्यात कमी उतरली ती ७ नंबरची, तिला या वेळी दुधाचा आकडा मधलाच पण मुली लवकर गाभण राहतात असा बुल बघून ठेवलाय, एचएच१ टी.