स्पोर्ट्स कार घेताय? चॅसिस नंबर मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे भरू नका

शोरूमचं आणि गाडीचं नाव लिहीत नाहीये कारण प्रकरण वकिलाकडे आहे, पण नवी मुंबई-ठाण्यात कोणी महागडी स्पोर्ट्स कार घ्यायच्या तयारीत असेल तर त्यांनी हे वाचावंच. मी नेरुळला राहते, नोकरीत इतकी वर्षं साठवलेल्या पैशातून स्वतःच्या नावावर गाडी घेतली, दोन दारांची, टर्बो पेट्रोल, मागच्या चाकांना पॉवर असणारी, बाहेरून तयार होऊन येणारी म्हणजे सीबीयू. दसरा २०२४ ची डिलिव्हरी ठरली होती.

पहिल्या दिवसापासून सेल्सवाला माझ्या प्रश्नांची उत्तरं माझ्या नवऱ्याकडे बघून देत होता. पैसे माझे, लायसन्स माझं, बुकिंग माझ्या पॅनवर, आणि तो म्हणतोय "सर, मॅडमना कलर आवडला ना?" याचा राग अजून आहे, पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की मी चॅसिस नंबर, म्हणजे प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागितला तेव्हा उत्तर आलं की अलॉटमेंट, म्हणजे नेमकी कोणती गाडी मिळणार हे ठरणं, फुल पेमेंटनंतरच होते, कंपनीची सिस्टीमच तशी आहे. मेलवर मागितला, तरी तेच. गाडी यार्डात जाऊन बघायची म्हटलं, तर यार्डात कस्टमरला अलाऊड नाही, इन्शुरन्सचा प्रॉब्लेम येतो म्हणे. वर रोज फोन, की देशात थोड्याच गाड्या आल्यात, पुण्याचं एक कस्टमर हीच गाडी मागतंय, आज पेमेंट केलं नाही तर दसरा हुकेल. अशा गाड्या खरंच कमी येतात, त्यामुळे हे खोटं वाटत नाही आणि ते नेमका त्याचाच फायदा घेतात.

डिलिव्हरीला गाडीवर लाल सॅटिनचं कव्हर, केक, फोटो, सासूबाईंच्या हातून नारळ, सगळं झालं. ओडोमीटरवर किलोमीटर दोन आकडी. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये निवांत बघितली तेव्हा मागच्या टायरची रबर पुढच्यापेक्षा जरा जास्तच नवी वाटली. टायरच्या साइडला डॉट म्हणून लिहिलेलं असतं, त्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. पुढच्या दोन्ही टायरवर ३१२३, म्हणजे २०२३ चा ३१ वा आठवडा, आणि मागच्या दोन्हींवर १९२४. नव्या गाडीला मागचे टायर पुढच्यांपेक्षा नऊ-दहा महिन्यांनी नवे कसे असतील? मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत टेस्ट ड्राइव्हला जो तो अॅक्सिलरेटर दाबतो आणि मागचेच टायर आधी झिजतात. मग ड्रायव्हर सीटच्या बाहेरच्या बाजूचा जो उंच भाग असतो, चढता-उतरता मांडी घासते तो, तिथे लेदरला बारीक सुरकुत्या दिसल्या, शेजारच्या सीटला एकही नाही.

मी दुसऱ्या शहरातल्या, त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. अॅडव्हायजरने चॅसिस नंबर टाकला तर आधीचं जॉबकार्ड, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाची नोंद, निघालं, टायर बदलल्याचं, आणि त्यावरचे किलोमीटर माझ्या ओडोमीटरपेक्षा कितीतरी जास्त. वॉरंटीची सुरुवातही माझ्या डिलिव्हरीच्या कित्येक महिने आधीची. म्हणजे टेस्ट ड्राइव्हची डेमो गाडी ट्रेड सर्टिफिकेटवर (डीलरला रजिस्ट्रेशन न झालेली गाडी चालवायला मिळतं ते), लाल पाटी लावून फिरवली आणि मग नवी म्हणून माझ्या गळ्यात मारली. आरसी आली त्यावरही बनल्याची तारीख २०२३ ची, आणि मला तोंडी सांगितलं होतं २०२४ चा फ्रेश स्टॉक. डेमो गाडी विकणं गुन्हा नाही हो, सांगून, किंमत कमी करून विका, घेणारे घेतील.

तर चॅसिस नंबर आधी घ्याच. १७ अक्षरांचा असतो, बऱ्याच कंपन्यांत दहावं अक्षर वर्षाचं, २०२३ ला पी, २०२४ ला आर, २०२५ ला एस. फॉर्म २१ म्हणजे सेल सर्टिफिकेट, त्यात बनल्याचा महिना आणि वर्ष लिहावंच लागतं, त्याची कॉपी रजिस्ट्रेशनच्या आधी मागा, "आरटीओचं आम्ही बघतो" यावर सोडू नका. एकदा पासिंग झालं की गाडी परत घ्यायला कोणी तयार नसतं. आणि पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीआधीची गाडीची तपासणी, पेमेंटच्या आधी, दिवसाउजेडी, ओळखीचा मेकॅनिक घेऊन. यार्ड दाखवत नसतील तर बुकिंग कॅन्सल करा, दसरा पुढच्या वर्षीही येतो.

ऑन-रोडच्या कागदावरही हात मारतात. माझ्या कोटेशनमध्ये हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक्स, एसेन्शियल किट, सिरॅमिक कोटिंग असं सगळं आधीच जोडलेलं होतं. ठाम राहिलं की निघतं. रोड टॅक्स महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, तोही एक्स-शोरूमवर, कंपनीच्या नावावर घेतली किंवा बाहेरून तयार होऊन आलेली असली तर २० टक्के, तेव्हा आरटीओच्या ओळीत गोल आकडा दिसला की पावती मागा. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने आपल्याकडून आधीच घेऊन भरलेला इन्कम टॅक्स, घेतात तो खर्च नाही, रिटर्नमध्ये परत मिळतो, फक्त पॅन बरोबर टाकलाय ना आणि २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा टॅक्सच्या उताऱ्यात, दिसतोय ना ते बघा. इन्शुरन्स बाहेरून घेता येतो, डीलर सक्ती करू शकत नाही. मला म्हणाले बाहेरून घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही, तर तेही खोटं, तीच आयडीव्ही (गाडीची विम्यातली किंमत), तेच झिरो डेप (क्लेममध्ये पार्टची घसारा कपात नाही), बाहेर बऱ्याच कमी पैशात मिळत होतं. नव्या गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचं, ३ वर्षांचं एकदम घ्यावं लागतं, ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचं, १ वर्षाचं चालतं, दोन्ही रकमा वेगळ्या लिहून घ्या.

तक्रारीचं म्हणाल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली, कंपनीला मेल केला, जॉबकार्डचे आणि टायरचे फोटो जोडले. ५० लाखांपर्यंत मोजले असतील तर जिल्हा ग्राहक आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यामुळे माझं राज्य आयोगात जाणार. मुदत २ वर्षांची असते, हे लक्षात ठेवा, डीलर "बघतो, कळवतो" करत महिने काढतात. नोटीस गेल्यावर हँडलिंग आणि कोटिंगचे पैसे मुकाट्याने परत आले. डेमो गाडीबद्दल मात्र दोन फ्री सर्व्हिस आणि अॅक्सेसरीज देऊ असं पत्र आलंय, खाली ओळ आहे की ग्राहकाची आता कोणतीही तक्रार राहिलेली नाही. त्यावर मी सही केलेली नाही आणि करणारही नाही, मला किमतीतला फरक आणि वॉरंटी माझ्या डिलिव्हरीच्या तारखेपासून हवी आहे.