ऑपरेशनच्या नावाखाली माझे ५४,६०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

हृदयाला छिद्र असलेल्या एका चार वर्षांच्या मुलीच्या ऑपरेशनसाठी मी पैसे दिले. त्या नावाची मुलगी त्या रुग्णालयात कधी दाखलच झालेली नव्हती. आधी आकडे लिहिते, म्हणजे ‘गेले असतील हजार-दोन हजार’ असं कुणाला वाटायला नको. श्रावणात २,१०० रुपये. गणपतीच्या आधी ११,०००. पितृपक्षात, सासूबाईंच्या नावाने, २५,०००. आणि सप्टेंबरपासून जुलैपर्यंत महिना १,५०० प्रमाणे १६,५००. एकूण ५४,६००. मी निवृत्त शिक्षिका आहे. हे सगळे पेन्शनचे पैसे.

हे फोन कसे येतात ते वेगळं सांगायला नको. दुपारी जेवणं उरकून जरा पाठ टेकली की वाजलाच. ‘नमस्कार मावशी, फाउंडेशनमधून बोलतेय, दोन मिनिटं आहेत का?’ मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ: नाकात नळी घातलेलं लेकरू, हात जोडून उभी असलेली आई. पाठोपाठ मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या लेटरहेडवर ३,८५,००० रुपयांचं एस्टिमेट. त्याखाली ‘जमा २,९१,०००, बाकी फक्त ९४,०००’. आणि पैसे हवेत ते आजच. उद्या सकाळी ऑपरेशन आहे, आज रात्री बारापर्यंत भरले नाहीत तर तारीख जाईल. तारीख गेली तर काय होईल ते फोनवरची मुलगी बोलत नाही, फक्त गप्प बसते. त्या गप्प बसण्यानेच माणूस पैसे काढतो.

‘शिकलेली माणसं अशी कशी फसतात?’ असं मला माझ्याच घरच्यांनी विचारलं. त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते. आमच्या घरात देण्याची रीत आहे. आई दरवर्षी आनंदवनाला मनिऑर्डर करायची आणि त्याची पोच जपून ठेवायची. तेव्हा कुणी फोन करून मागे लागत नव्हतं. आता ज्या संस्था खऱ्या आहेत, नोंदलेल्या आहेत, चांगलं काम करतात, त्याही याच भाषेत मागतात. मी एका चांगल्या संस्थेला ५,००० रुपये दिले होते. पोच आली, आणि त्यानंतर त्यांच्याकडून जे जे आलं ते पुढच्या मागणीचंच आलं. वाढदिवसाला शुभेच्छा आणि खाली पैसे भरायची लिंक. ३१ मार्चच्या आधी ‘करसवलतीची शेवटची संधी’. त्या ५,००० चं काय झालं हे विचारलं तर ‘मॅडम, वार्षिक अहवाल वेबसाइटवर आहे’, आणि वेबसाइटवरचा अहवाल तीन वर्षांपूर्वीचा. फोन करणारी मुलं बऱ्याचदा संस्थेची नसतात, एजन्सीची असतात. समोर लिहिलेलं वाचतात. संस्थेचं काम कोणत्या तालुक्यात चालतं एवढंही त्यांना सांगता येत नाही.

खऱ्या संस्था अशा वागत असतील तर खोटी ओळखायची कशावरून? रडणारं मूल, आजची मुदत, नाव न सांगणारा ‘सिनियर’, हिशेबाचा पत्ता नाही: हे सगळं आम्हा देणगीदारांच्या अंगवळणी पाडलंय ते खऱ्या संस्थांनी. चोराला वेगळं काही करावंच लागलं नाही. माझा सगळ्यात मोठा राग यावर आहे, आणि ज्यांच्या संस्था खऱ्या आहेत त्यांनी तो मनाला लावून घ्यावा.

आता ती वेळ, जी आठवली की आजही झोप उडते. पितृपक्षातले २५,००० भरताना त्यांनी पाठवलेला क्यूआर कोड उघडला. रक्कम टाकली. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर बँकेत नोंदलेलं नाव आलं, आणि ते संस्थेचं नव्हतं. कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं होतं. धर्मादाय संस्थेच्या खात्याला एंटरप्रायझेस कशाला? फोन चालूच होता, मी लगेच विचारलं. ती क्षणभरही अडखळली नाही. ‘मावशी, संस्थेचं खातं ऑडिटसाठी फ्रीज आहे, हे आमच्या ट्रस्टींचंच आहे, पावती संस्थेच्याच नावाने येईल, ऐंशी जी सकट.’ म्हणजे करसवलतीची. ती हे सांगत असताना तिच्या मागून दुसऱ्या एका मुलीचा आवाज येत होता. ‘मावशी, उद्या सकाळी ऑपरेशन आहे हो…’ तेच शब्द, तोच सूर. मला स्पष्ट ऐकू आलं होतं. किती मुलं राबतायत या कामासाठी, असं मला वाटलं. आणि मी पिन टाकला.

ऑडिटसाठी कुठल्याही संस्थेचं खातं फ्रीज होत नाही. हे आज मला माहीत आहे. पण मी विचारलं होतं, हेही लिहून ठेवते. विचारल्यावर तोंडावर खोटं सांगणारा गुन्हेगार असतो, विश्वास ठेवणारा नव्हे.

महिन्याचे १,५०० ‘ऑपरेशननंतरच्या औषधांसाठी’ होते. यूपीआय ऑटोपे, एकदा पिन टाकला की दर महिन्याला आपोआप. मुलगी कशी आहे असं विचारलं की फोटो यायचा. दिवाळीत आलेल्या फोटोत आणि संक्रांतीला आलेल्या फोटोत तोच गुलाबी फ्रॉक, उशीवर तोच डाग. भेटायला येऊ का म्हटलं तर ‘इन्फेक्शन होईल मावशी’. पालकांशी बोलू द्या म्हटलं तर ‘गावी गेलेत, रेंज नाही’.

उघडकीला आलं ते जुलैमध्ये, रिटर्न भरताना. मी जुनीच करप्रणाली ठेवली आहे, कारण नव्या प्रणालीत ८०जी ची सवलत मिळतच नाही. मार्चअखेर मी ४८,६०० दिले होते, म्हणजे २४,३०० ची वजावट मिळायला हवी होती. सीएने पावत्या बघितल्या आणि म्हणाले, ‘या ठेवा बाजूला, फॉर्म १०बीई कुठे आहे?’ मला ते माहीत नव्हतं, आणि माझ्यासारख्या असंख्य लोकांना अजूनही माहीत नसेल. देणगी घेणाऱ्या संस्थेने वर्षभराच्या देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडी मध्ये ३१ मेपर्यंत आयकर खात्याला द्यायची असते, आणि त्यावरून निघणारं १०बीई प्रमाणपत्र आपल्याला पाठवायचं असतं. ते नसेल तर साध्या पावतीला काही अर्थ नाही.

मग त्यांनी पावतीवरच्या पॅन नंबरावर पेन्सिल टेकवली. चौथं अक्षर पी होतं. पॅनचं चौथं अक्षर तो कुणाचा आहे ते सांगतं: ट्रस्टचा असेल तर टी, कंपनीचा असेल तर सी, आणि पी म्हणजे एक माणूस. माझ्या हातात एका इसमाचा पॅन छापलेली ‘संस्थेची’ पावती होती, चार रंगात, खाली निळा शिक्का मारलेली. घरी जाऊन तुमच्याकडच्या पावत्या काढा आणि ते चौथं अक्षर बघा. आत्ताच बघा.

रुग्णालयात फोन लावून समाजसेवा विभाग मागितला. तिथल्या बाईंनी नाव आणि तारीख तपासून सांगितलं की असा पेशंट नाही आणि ते एस्टिमेट आमचं नाही. त्या पुढे जे म्हणाल्या त्याने मी जास्त हादरले. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तसा कायदाच आहे, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ एए. अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळेतल्या मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. म्हणजे फोन आला की पहिला प्रश्न हा: ‘या मुलाला योजनेतून का नाही मिळालं, आणि नकाराचं पत्र कुठे आहे?’ खऱ्या संस्थेकडे याचं उत्तर असतं, कारण त्यांनी ते सगळे दरवाजे आधी ठोठावलेले असतात. चोर फोन ठेवतो.

ऑटोपे मी त्याच दिवशी ॲपमधून रद्द केलं. आता तक्रारीचं ऐका.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन केला. तक्रार घेतली, नंबर मिळाला, पण पैसे जाऊन महिने झाले होते, खात्यात काही उरलं नसणार, असं तिथेच सांगण्यात आलं. पोलीस ठाण्यात गेले तर समोरचा म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही स्वतःहून दिलेत ना? मग हे दान झालं. दानात फसवणूक कशी?’ खोटं आजारपण, खोटा कागद आणि खोटं खातं दाखवून पैसे काढले तर ती फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? त्यांनी सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, ‘ओटीपी नाही, लिंक नाही, तुम्ही पिन टाकलाय, हे ठाण्याचं काम.’ परत ठाण्यात. रक्कम लाखाच्या आत आहे म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. एका शिक्षिकेचे ५४,६०० म्हणजे काय याची त्यांना कल्पना नाही. लेखी अर्जावर शिक्का मारून दुसरी प्रत हातात मिळावी एवढ्यासाठी मला वाद घालावा लागला.

बँकेने सांगितलं, व्यवहार ग्राहकाच्या पिनने झाला, आमची जबाबदारी नाही. ते एंटरप्रायझेसचं खातं ज्या बँकेत आहे त्यांनी तर ‘तुम्ही आमच्या ग्राहक नाही’ म्हणून उभंही केलं नाही. चोर त्यांचा ग्राहक आहे म्हणून त्याची गोपनीयता जपायची!

आणि धर्मादाय कार्यालय. तिथून मला आशा होती. कारकुनाने कॉम्प्युटरवर नाव टाकून बघितलं आणि म्हणाला, ‘ही संस्था आमच्याकडे नोंदलेलीच नाही. नोंदलेली असती तर चौकशी लावली असती. नाहीच, तर कारवाई कुणावर करायची?’ म्हणजे नोंदणी करून चोरी केली तर चौकशी, आणि नोंदणीच न करता केली तर मोकळं रान. मी त्याला विचारलं, आमच्या चौकातल्या गणेश मंडळाला दहा दिवसांची वर्गणी गोळा करायची तर त्याच विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली तुमची परवानगी लागते. पोरं कागदपत्रं घेऊन तुमच्या दारात रांग लावतात. मग ही माणसं फोनवरून राज्यभर पैसे गोळा करतात, त्यांना हे कलम लागू नाही का? ‘लेखी द्या, साहेबांपुढे ठेवतो.’ लेखी दिलं. अजून पोच सोडून काही आलेलं नाही.

इतकं झाल्यावरही देणं मी थांबवलेलं नाही, थांबवणारही नाही. पण फोनवर आता एक पैसा देत नाही. संस्थेचं नाव धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर स्वतः शोधते, विश्वस्त कोण आहेत ते बघते. खातं संस्थेच्याच नावाचं हवं, आणि रुग्णासाठी द्यायचं असेल तर सरळ रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाचा केस नंबर घालून, रुग्णालयाशी स्वतः बोलून. पैसे गोळा करणाऱ्या वेबसाइटवर देत असाल तर शेवटच्या पानावर त्यांच्यासाठी आधीच भरून ठेवलेली टिप बघा, ती शून्य करता येते. वृद्ध आईवडिलांच्या फोनमधलं ऑटोपेचं पान आज उघडा आणि काय काय चालू आहे ते वाचा.

ज्यांना गुलाबी फ्रॉकमधल्या त्या मुलीचा व्हिडिओ आला असेल, ज्यांनी ३,८५,००० चं एस्टिमेट बघितलं असेल, त्यांनी तो मेसेज डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या, रक्कम ५०० रुपये का असेना. पैसे घेणारं खातं एकच असेल तर सगळ्यांची बेरीज एका ठिकाणी होईल, आणि मग ‘रक्कम किरकोळ आहे’ असं म्हणायची सोय त्यांना राहणार नाही.