जिन्याखालचं कपाट आणि तिरक्या मापाचा गंडा

जिन्याखालच्या जागेत ड्रॉवर, कपाट, चपलांचा रॅक असं काही करून घ्यायच्या विचारात असाल तर काम देण्याआधी हे वाचा. आम्हाला ज्या मिस्त्रीने गंडवलं तो पैसे घेऊन पळाला वगैरे नाही. त्याने काम पूर्ण केलं, बोलल्या तारखेच्या आसपास केलं, आणि दिसायला ते इतकं देखणं झालं की घरी येणारा प्रत्येक जण हात फिरवून बघायचा. त्यामुळेच आतलं गौडबंगाल कळायला वेळ लागला.

आधी मापाचं सांगते. कपाटाचा दर बहुतेक वेळा समोरच्या बाजूच्या चौरस फुटावर ठरतो, लांबी गुणिले उंची. सरळ भिंतीला हा हिशोब ठीक आहे. जिन्याखालची जागा मात्र त्रिकोणी. आमची पायरी ७ इंच उंच, १० इंच रुंद. १२ पायऱ्या, म्हणजे लांबी १० फूट. उंच टोकाला स्लॅबची जाडी वजा जाता आत जेमतेम साडेसहा फूट मिळतात. बिलात लिहिलेलं होतं ‘१० बाय ६.५, एकूण ६५ चौरस फूट’. त्रिकोणाचं क्षेत्रफळ याच्या निम्मं, साडेबत्तीस. त्यातही अगदी खालचा कोपरा, जिथे हातसुद्धा धड जात नाही, नुसती फळी ठोकून बंद केलेला. तोही मापात धरलेला!

यावर त्याचं उत्तर तयार होतं: “तिरकं काम आहे ना ताई, कटिंगमध्ये माल वाया जातो. सगळे चौकोनच धरतात.” बोलणं पटण्यासारखं आहे, कारण त्यात थोडं खरं आहे. तिरक्या कापात माल जातो. पण चौकोनी तुकडा तिरका कापला की उरलेला भाग उलटा फिरवून दुसऱ्या शटरला (कपाटाच्या दाराला) वापरता येतो, आणि हातात कसब असलेला सुतार तो वापरतोच. वाया जाणारा माल निम्मा असणं शक्य नाही. कोणाला वेस्टेज लावायचंच असेल तर ते कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत, टक्क्यांत लिहून घ्या. ‘चौकोनच धरतात’ या वाक्यावर सही करू नका.

पैसे जास्त गेले हे एक वेळ सोडून देता आलं असतं. मला राग आला तो ड्रॉवर पाहून.

जिन्याची रुंदी ३ फूट, म्हणजे खालच्या जागेला आत तेवढीच खोली. कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रात मोठाले ड्रॉवर पार शेवटपर्यंत जाताना दाखवले होते, आणि कोटेशनवर ‘फुल डेप्थ ड्रॉवर’ असे शब्दही होते. एकदा काहीतरी ड्रॉवरच्या मागे पडलं म्हणून चॅनलची (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्टीची) खिटी दाबून तो पूर्ण बाहेर काढला आणि टॉर्च मारला. ड्रॉवरची पेटी १८ इंचांची. तिच्यामागे तेवढीच जागा मोकळी, आणि त्या मोकळ्या जागेत कामाचा सगळा केर: भुशाने भरलेलं पोतं, फुटक्या टाइलचे तुकडे, सनमायकाच्या पट्ट्या, सुकून दगड झालेला फेव्हिकॉलचा डबा. ज्या जागेसाठी एवढा खटाटोप, तिचा अर्धा भाग आम्ही पैसे देऊन कचराकुंडी म्हणून बंद करून घेतला होता.

असं का करतात तेही समजून घ्या. सर्रास मिळणारे टेलिस्कोपिक चॅनल १० इंचांपासून २४ इंचांपर्यंतच्या लांबीत येतात. त्याहून लांब, जड वजन पेलणारे चॅनल मिळतात, पण ते बरेच महाग पडतात. मग चॅनलच्या मापाची पेटी करायची आणि समोरचं फ्रंट ऐटदार ठेवायचं. ड्रॉवर ओढला की तो पूर्ण उघडल्यासारखाच वाटतो, मागे काय उरलंय ते कोण बघतो? काम ताब्यात घेताना टेप ड्रॉवरच्या आत, पुढून मागे लावा आणि जिन्याची रुंदी शेजारी लिहा. मागची फळी आणि थोडी हालचालीची जागा सोडून मोठा फरक निघाला तर तिथल्या तिथे विचारा. इतक्या खोल जागेला मुळात ड्रॉवरपेक्षा चाकांवर बाहेर येणारी ट्रॉली बरी, हे मला नंतर दुसऱ्या मिस्त्रींनी सांगितलं. वजन जमिनीवर जातं, चॅनलची लांबी आड येत नाही.

आता प्लाय. सँपल म्हणून जो तुकडा हातात दिला होता तो मरीन प्लायचा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा, आयएस ७१० या मानकाचा शिक्का असलेला. या ग्रेडचा नमुना चाचणीत ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि त्याचे थर सुटता कामा नयेत. आमच्या जिन्यामागे बाथरूमची भिंत, म्हणून आम्ही तोच मागितला होता. प्रत्यक्षात समोरची शटर चांगली, आतले उभे पार्टिशन एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेडचे आणि आडवे कप्पे चक्क पार्टिकल बोर्ड. एमआर प्लाय हवेतला दमटपणा सहन करतो, भिंतीतून झिरपणारी ओल नाही. खालचा कप्पा फुगून कडेने पावासारखा वर आला तेव्हा शंका आली.

सनमायका चढला की आत काय आहे ते दिसत नाही, असं सगळे म्हणतात. दिसतं. ऑटो बिजागरीची वाटी बसवायला शटरला ३५ मिलिमीटरचं गोल भोक पाडलेलं असतं. बिजागरीचे दोन स्क्रू सोडा आणि त्या भोकात बघा. प्लाय असेल तर एकाआड एक आडवे-उभे थर दिसतात, पार्टिकल बोर्ड असेल तर दाबलेला भुसा. कप्प्यांसाठी त्यांच्या खिट्यांची भोकं बघा, किंवा मागच्या बाजूची कड, तिथे एज बँड (कड झाकणारी पट्टी) लावायचा कंटाळा हमखास केलेला असतो. आमच्या पार्टिशनच्या मागच्या कडा उघड्याच होत्या आणि कपाटाला पाठीची फळीही नव्हती; रंग न दिलेली भिंतच पाठ म्हणून चालवली होती. शक्य असेल तर मुळातच माल कापण्याआधी प्रत्येक शीटवरच्या शिक्क्याचा फोटो काढा आणि काम संपेपर्यंत कापलेले तुकडे घराबाहेर जाऊ देऊ नका.

सजावटीबद्दल फार लिहीत नाही. जिन्यालगतच्या भिंतीवर रेघांचं पॅनेल त्याने स्वतःहून सुचवलं होतं, ‘लूक येतो’ म्हणून. ते काढलं तेव्हा मागे ओलीचा डाग होता. आधी भिंत कोरडी करा, मग तिला काय घालायचं ते घाला.

पण पायऱ्यांखालच्या दिव्यांचं सांगायलाच हवं, कारण इथे प्रश्न पैशांपुरता राहत नाही. एलईडी पट्टीचा ड्रायव्हर (तिला वीज पुरवणारा छोटा डबा) त्याने त्याच बंद पोकळीत, भुशाच्या पोत्याला खेटून टाकून दिला होता. वायरींचे जोड नुसत्या टेपने गुंडाळलेले. ड्रायव्हर चालू असताना गरम होतो, त्याला हवा लागते आणि कधीतरी बदलायला हातही पोहोचावा लागतो. शिवाय घराचा मुख्य स्विचबोर्ड त्याने कपाटाच्या आत घेतला होता, पुढे चपलांचे कप्पे. वायरमन बघून म्हणाला, “आग लागली तर लोक याच जिन्यावरून खाली येणार, आणि मेन बंद करायला तुम्ही आधी चपला काढणार?” बोर्ड आता मोकळा केलाय.

त्याने दाखवलेल्या ‘आधी केलेल्या कामां’च्या फोटोंविषयी एवढंच: एकाच जिन्याचे म्हणून दाखवलेल्या दोन फोटोंतल्या पायऱ्या मोजा. आमच्या वेळी त्या जुळत नव्हत्या आणि कठडाही वेगळा होता. फोटो सोडा, केलेलं एखादं काम प्रत्यक्ष दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर दुसरा माणूस बघा.

शेवटचा हप्ता आम्ही दिलेला नाही. वकिलांच्या सल्ल्याने त्याला लेखी पत्र पाठवलं, सोबत कोटेशनची प्रत, त्रिकोणाचा हिशोब आणि टेप लावून काढलेले फोटो. ‘फुल डेप्थ’ हे शब्द त्याच्याच अक्षरात कोटेशनवर होते, ते सगळ्यात उपयोगी पडले. तोंडी बोललेलं त्याने सरळ नाकारलं. त्यानंतर त्याने निम्म्यावर तडजोड करायची तयारी दाखवली. निम्मं म्हणजे चौकोनाचं की त्रिकोणाचं, असं आम्ही लेखी विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.