शाळेच्या प्रयोगशाळेसाठी तानकाटा (स्प्रिंग बॅलन्स): १० न्यूटनचा, एका बाजूला ग्रॅमची पट्टी

घ्यावा असाच आहे, पण ग्रॅमची पट्टी थोडी फसवी. तानकाटा मोजतो ते वजन, म्हणजे ओढ, वस्तुमान नव्हे. ५०० ग्रॅमचं माप टांगलं की दर्शक ४.९ न्यूटनवर थांबतो (०.५ किलो × ९.८ हे गुरुत्वीय त्वरण). चंद्रावर तोच जेमतेम ०.८ दाखवील आणि ग्रॅमची पट्टी सरळ खोटं बोलेल. दोन पारड्यांच्या तराजूत मात्र दोन्ही बाजूंची ओढ सारखीच घटते, म्हणून तो तिथेही ५०० ग्रॅमच सांगेल.

विषुववृत्त आणि ध्रुव यांवरच्या त्वरणातला फरक (९.७८ आणि ९.८३) या काट्यावर दिसणार नाही. सर्वांत लहान भाग ०.२ न्यूटनचा, ५०० ग्रॅमच्या मापाला फरक त्याच्या आठव्या हिश्श्याएवढा. तशी अपेक्षाही ठेवू नका.

वापरण्याआधी काटा उभा धरून शून्य जुळवा. आडवा धरला की खालच्या हुकाचं स्वतःचं वजन स्प्रिंगवरून उतरतं आणि शून्य सरकतं. घर्षणाचा प्रयोग करताना नेमकं हेच विसरलं जातं. वाचन डोळ्याच्या पातळीवर, माप हलायचं थांबल्यावरच घ्या. १ किलोपेक्षा जास्त टांगलं की स्प्रिंग कायमची ताणली जाऊ शकते, मग रिकामा काटाही शून्यावर परतत नाही. मुलं हाताने ओढून बघतात, तेव्हाच बहुतेक काटे जातात.

तेच माप लोखंडी असेल तर पाण्यात बुडवून बघा: वाचन सुमारे ४.३ न्यूटनवर येतं. वस्तुमान तेवढंच, पाण्याने खालून उचलून धरलं इतकंच. एवढ्या एका प्रयोगासाठीही काटा वसूल होतो.